व्हीचा खण

आमच्या संस्थेचं पत्र आलं आणि माझं डोकंच फिरलं. ‘ज्यांनी फोटो नेले नाहीत त्यांचे सगळे फोटो महिनाअखेर नष्ट करावेत आणि तसं लेखी कळवावं.’ खाली कुणा पोरीची सही. मी वीस वर्षं ह्या लोकांसाठी फुकट राबले, त्या वेळी ही पोर शाळेत असेल. खाजगीपणाचा नवा कायदा आलाय म्हणे. कायदा आला म्हणून मेलेल्या बाळांची आम्ही काय जाहिरात करत होतो की काय?

“ओरडू नकोस,” माझा नवरा फिर्मिन म्हणाला. “नाहीतरी घर सोडायचंय. ते फोटोंचं कपाट काही नव्या फ्लॅटमध्ये मावणार नाही.”

हे मात्र खरं होतं. कुणी तोंडावर खरं बोललं की मला जास्तच राग येतो, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

मी नेल. वय त्र्याहत्तर. चाळीस वर्षं ह्या गावात फोटो काढले. शाळेतल्या पोरांचे, लग्नांचे, पासपोर्टचे. आणि शेवटची वीस वर्षं, त्यासोबत, न जगलेल्या बाळांचे. बाळ पोटातच गेलं किंवा जन्मलं आणि लगेच गेलं, की इस्पितळातून आमच्या संस्थेला फोन यायचा आणि आमच्यापैकी कुणीतरी कॅमेरा घेऊन निघायचं. आईबापांकडे त्या बाळाचं दुसरं काही राहत नाही हो. दोन-तीन तास असतं ते त्यांच्यापाशी, मग जातं. एका बाळाची एक सीडी, कागदी पाकिटात, पाकिटावर नाव आणि तारीख. ही पाकिटं माझ्या जुन्या खणांच्या कपाटात, आडनावाच्या अक्षराप्रमाणे.

बहुतेक लोक महिन्या-दोन महिन्यांत येऊन घेऊन जायचे. काही म्हणायचे, नको, आम्हाला बघायचंच नाही. त्यांच्या पाकिटावर मी लाल ठिपका लावायची. ती पाच वर्षं ठेवायची, कारण माणसाचं मन फिरतं. पाच वर्षांनी नष्ट करायची, हा तेव्हाचाच नियम. मी दर जानेवारीत वही काढून नावं बघायची, खणातून पाकीट काढायची, सीडी मोडायची, वहीत काट मारायची. त्या दिवशी मी जेवायची नाही. फिर्मिनला ते ठाऊक होतं, तो त्या दिवशी आपल्या बहिणीकडे जायचा.

पत्रातला महिना संपत आला तसा फिर्मिनने भाच्याच्या कचेरीतून कागद-सीड्या फाडायचं यंत्र आणलं. दुपारी जेवणाच्या टेबलावर मांडलं. ठरलं असं, की तो एकेक पाकीट काढून नाव वाचणार, मी वहीत खूण करणार, मग तो यंत्रात घालणार. मी यंत्राला हात लावणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं.

फिर्मिन मूळचा सीमेपलीकडच्या देशातला, म्हणजे फ्लांडर्सचा. सीमा आमच्या दारापासून चार किलोमीटर. अठ्ठेचाळीस वर्षं माझ्यासोबत इकडे राहिला, पण अजून मला ‘तुम्ही हॉलंडवाले’ म्हणतो. आम्ही पाहुण्याला कॉफीसोबत एक बिस्किट देतो आणि डबा बंद करतो, हा त्याचा लग्नापासूनचा विनोद. मीही काही कमी नाही. तुमच्याकडे खाण्यापुढे रस्ते दुरुस्त करायला वेळच उरत नाही, हे माझं ठरलेलं उत्तर.

अशी थट्टा करत करत आम्ही सगळं कपाट उपसत आणलं. जड काम होतं, थट्टा केली नसती तर झालं नसतं. यंत्र करकर करत होतं. मग फिर्मिनने वाचलं, “व्हान हेके, लांदर. मे दोन हजार सहा. लाल ठिपका.”

माझा हात थांबला.

“कुठला खण उघडलायस तू?”

“व्हीचा.”

“व्हीमध्ये हेके कुठून आला?”

“हेके नाही, व्हान हेके. व्हान हेके व्हीमध्ये नाही तर कुठे असणार?”

“एचमध्ये! एचमध्ये असणार, फिर्मिन!”

“का म्हणून? माणसाचं नाव व्हीनं सुरू होतं. हे बघ, लिहिलंय.”

आता हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे ‘व्हान’ म्हणजे आडनावाला चिकटलेला नुसता ‘चा’. हेकेचा. शाळेच्या हजेरीत, दवाखान्यात, कुठेही तो ‘चा’ बाजूला सारायचा आणि हेके शोधायचं. चार किलोमीटर पलीकडे मात्र तोच ‘व्हान’ मोठ्या अक्षरात नावाच्या तोंडाशी असतो आणि सगळे त्यालाच धरून नाव लावतात. दोन्हीकडच्या टपालवाल्यांना हे माहीत आहे. मला माहीत आहे. मी असल्या माणसाशी लग्न करून बसलेय.

“बाकीचे व्हान तू बरोबर लावलेस की,” मी म्हणाले.

“ते तुमच्याकडचे होते. त्यांना तुमच्या पद्धतीनं लावलं. हा आमच्याकडचा माणूस. त्याचं पोर गेलेलं, निदान नाव तरी नीट लावावं म्हटलं.” मग माझ्याकडे बघून तो घाबरला. “का गं? काय झालं?”

त्या मे महिन्यात माझी आई आजारी होती. मी दिवसभर तिच्याकडे असायची, त्यामुळे पाकिटं खणात लावायचं काम त्याच्याकडे होतं. दोन हजार बाराच्या जानेवारीत मी वही घेऊन एचचा खण उघडला, पाकीट सापडलं नाही. वाटलं, मागच्या वर्षीच्या सीड्यांसोबत चुकून मोडली असेल. वहीत काट मारली. इथवर ठीक होतं. खरी गोष्ट त्यानंतरची होती आणि ती मी फिर्मिनला कधी सांगितली नव्हती.

दोन हजार तेरामध्ये त्या बाळाच्या आईचा फोन आला. वीर्ले तिचं नाव. म्हणाली, “बाई, मी तेव्हा नको म्हटलं होतं. आता हवेत. आम्ही दोघं वेगळे होतोय, घरातलं सगळं वाटून झालं, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या मुलाची माझ्याकडे एकही वस्तू नाही. मी त्याचा चेहरासुद्धा पाहिला नाही.” मी तिला थांबायला सांगितलं, पुन्हा एचचा खण बघितला, नीट, एकेक पाकीट उचलून. आणि परत येऊन म्हणाले, “माफ करा. पाच वर्षांनी आम्ही मोडतो. आता काही उरलं नाही.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “नाही, तुमचं काय चुकलं? चूक माझीच आहे,” आणि मला थँक्यू म्हणून फोन ठेवला.

हे सगळं मी फिर्मिनला टेबलावर बसून सांगितलं. त्याच्या हातात ते पाकीट तसंच होतं. त्याचं तोंड एवढंसं झालं.

“म्हणजे ते सगळा वेळ इथे होतं,” तो म्हणाला.

“सगळा वेळ.”

माझ्या जुन्या लॅपटॉपला सीडीची खाच आहे, म्हणून तो मी टाकला नाही. सीडी घातली. तेवीस फोटो. पहिले आठ बाळाचे. पांढरी विणलेली टोपी, उजवा कान जरा दुमडलेला, नखं लांब वाढलेली. अशा बाळांची नखं बघून मला नेहमी भरून येतं, कारण ती कापायला कुणी नसतं. नवव्या फोटोत बाप होता.

तो पाहिला आणि मला सगळं आठवलं. बंदरात काम करणारा, दांडगा माणूस, योरिस नाव. बायकोवर शस्त्रक्रिया झालेली, ती बेशुद्ध. नर्सने बाळ त्याच्या हातात दिलं तसं तो म्हणाला, “हा गार पडलाय,” आणि सदऱ्याची बटणं काढून बाळाला आत उघड्या छातीशी धरलं. मी भिंतीला टेकून फोटो काढत राहिले. निघताना त्याने मला दारात गाठलं. “ऑपरेशनला जाण्याआधी बायकोने मला शपथ घातलीय,” म्हणाला, “कुणीच बघायचं नाही, तूही नाही. तू बघितलंस आणि मी नाही, तर तो तुझा एकट्याचा होईल, असं म्हणाली. मी शपथ मोडली. तेव्हा फोटो तिने मागितले तरच द्या. मी मागायला येणार नाही.”

आणि तिने मागितले तेव्हा मी नाही म्हटलं.

“योरिस व्हान हेके?” फिर्मिन पडद्याकडे बघत म्हणाला. “बंदरातला? अगं, तो गेला की. तीन वर्षं झाली. आमच्याकडच्या पेपरात आलं होतं. खाली फक्त बहिणीचं नाव होतं.”

मी लॅपटॉप बंद केला.

त्या संध्याकाळी आमचं जे भांडण झालं तसं अठ्ठेचाळीस वर्षांत झालं नसेल. फिर्मिन म्हणत होता, घाल यंत्रात. “तिने तेव्हाच रडून घेतलं असेल, नेल. अकरा वर्षं झाली. काहीच उरलं नाही हे तिने कसंतरी पचवलं असेल. आता आपण दारात जाऊन सांगायचं, की होतं सगळं, आम्ही अक्षर चुकलो? कशाला? आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून?”

“तिच्या पोराचा फोटो आहे तो.”

“आणि नवऱ्याचा. मेलेल्या नवऱ्याचा. त्याचं काय करायचं तिने?”

आणि खरं सांगते, यंत्र समोरच होतं. नियमाप्रमाणे मोडायचीच होती ती सीडी, मोडली असती तर पत्रात लिहूनही कळवता आलं असतं की आज्ञेप्रमाणे मोडली. कुणाला काही कळलं नसतं. माझी लाज झाकली गेली असती. मी दोनदा ते पाकीट हातात घेतलं. मला मोह झाला होता, उगाच कशाला खोटं बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहीतल्या नंबरवर फोन लावला. म्हटलं, लागला नाही तर देवाची मर्जी. पहिल्याच रिंगला लागला.

“मी नेल. फोटोवाली.”

“बोला.”

“मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. तेव्हा. ते मोडले नव्हते. चुकीच्या खणात होते.”

“किती आहेत?”

“तेवीस.”

“गुरुवारी या,” ती म्हणाली. “गुरुवारी मला सुट्टी असते.”

फोटोत योरिस आहे, हे मला फोनवर सांगता आलं नाही. सांगायला हवं होतं. जीभ उचललीच नाही.

गुरुवारी फिर्मिनने गाडी काढली. तो गाडीतच बसणार होता, पण तिच्या दारापाशी आल्यावर त्याने टोपी काढली आणि माझ्या पाठोपाठ आत आला. वीर्ले आता पन्नाशी ओलांडलेली, बारीक कापलेले पांढरे केस, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिने टेबलावर कॉफी आणि दोन प्रकारचे केक मांडले होते. फिर्मिनने केकला हात लावला नाही, यावरून काय ते समजा.

“बाई, चूक माझी आहे,” तो बसता बसताच म्हणाला. “ह्यांच्याकडे एचमध्ये लावतात, मी व्हीमध्ये लावलं. आपल्याकडे लावतात तसं.”

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. “व्हीमध्ये,” ती म्हणाली. “अर्थात. व्हीमध्येच असणार.” आणि ती हसली. त्या हसण्यापेक्षा तिने कपबशी फेकून मारली असती तर मला सोसलं असतं.

मी लॅपटॉप उघडला. “वीर्ले, आधी एक सांगते. ह्यात फक्त बाळ नाही...”

“आधी मला त्याला बघू दे,” ती म्हणाली.

पहिला फोटो. तिने चष्मा चढवला, पुन्हा काढला, पडद्याजवळ वाकली. दुसरा. तिसरा. पाचव्याला म्हणाली, “हा कान माझ्या वडिलांचा.” बोट पडद्याला न लावता तिने त्या कानाभोवती हळूच फिरवलं. “टोपी कुणाची?”

“इस्पितळाची. तिथल्या बायका विणून देतात.”

“मी एक विणली होती. पिवळी. ती बॅगेत राहिली.” मग आठवा झाला, आणि मी काही बोलायच्या आत तिने स्वतःच कळ दाबली.

नववा.

ती मागे सरकली, खुर्ची भिंतीला लागेपर्यंत. फिर्मिन उठायला निघाला, मी त्याला खाली बसवलं.

“हा कधी?” तिने विचारलं.

“तुम्ही शुद्धीवर यायच्या आधी.”

“त्याने पाहिलं नाही. त्याने मला सांगितलं होतं, पाहिलं नाही म्हणून.”

“तुम्ही शपथ घातली होती ना. तो मला म्हणाला, तिने मागितले तरच द्या, मी मागायला येणार नाही.”

ती म्हणाली, “मला माहितेय मी शपथ घातली होती. आणि सात वर्षं मी त्याला रोज ऐकवलं, बाई. रोज. कसला बाप तू? बायको म्हणाली नको बघूस, आणि तू नाही बघितलंस? एकदा डोळे उघडून पोराकडे पाहवलं नाही तुला? जेवताना ऐकवलं, त्याच्या आईसमोर ऐकवलं. तो ताटातलं संपवायचा आणि उठून जायचा. मला वाटायचं, दगड आहे हा.” तिचा आवाज चढला. “एकदा बोलला असता! एकदा म्हणाला असता, की बघितलंय मी, गप्प बस!”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नसेल बोलला,” फिर्मिन हळूच म्हणाला.

“तुम्ही बोलू नका,” ती म्हणाली. “तुम्ही मुळीच बोलू नका.”

फिर्मिनच्या डोळ्यांत पाणी आलं, मला दिसलं. मला त्याची कीव आली आणि त्याच वेळी वाटलं, बरं झालं. माझीही तीच लायकी होती.

“तेरा साली मी तुम्हाला फोन केला,” ती माझ्याकडे वळली, “तेव्हा कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. पुढल्या आठवड्यात झाल्या. तो ह्या रस्त्याच्या टोकाला राहायला गेला. आठ वर्षं राहिला. मी पलीकडच्या बाजूने दुकानात जायचे, त्याचं दार लागू नये म्हणून. तो गेला तेव्हा त्याच्या बहिणीचा फोन आला होता. मी म्हटलं, मला काम आहे.”

मी सॉरी म्हटलं. दोनदा म्हटलं. एवढ्या मोठ्या गोष्टीपुढे तो शब्द माझा मलाच चिल्लर वाटला.

“ही सीडी मोडून टाकायची असेल तर मी आत्ता, तुमच्यासमोर...” मी सुरुवात केली.

“हात लावाल तर याद राखा.”

तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. “इथे वेळ दिसते ना? फोटोची?” मी दाखवलं कुठे दिसते ते. नववा, दुपारी दोन वाजून दहा. शेवटचा, तीन वाजून वीस. तिने बोटांवर हिशोब केला. “एक तास दहा मिनिटं. एक तास दहा मिनिटं धरलं त्याने.” हे तिने तीन-चार वेळा म्हटलं, दर वेळी जरा हळू.

मग ती एकेक फोटो पुढे नेऊ लागली. योरिस खुर्चीत. योरिस खिडकीपाशी, पाठमोरा. योरिस खाली मान घालून, हनुवटी त्या टोपीवर. चौदाव्या फोटोत त्याचं तोंड किंचित उघडं होतं. पंधराव्यात मिटलेलं. सोळाव्यात पुन्हा उघडं.

“तो बोलतोय,” वीर्ले म्हणाली.

मी बघितलं. बोलत होता खरा. मी तिथे चार हातांवर उभी होते, प्रकाश कमी होता म्हणून श्वास रोखून, कॅमेरा हलू नये एवढ्याच काळजीत.

“काय म्हणत होता?”

मी डोळे मिटले. सदरा आठवला, नर्सच्या पायातल्या चपला आठवल्या, खिडकीतून येणारा गवत कापायच्या यंत्राचा आवाजसुद्धा आठवला. तेव्हा तो काय बोलला, ते आठवेना. बाजूला फिर्मिनने घसा खाकरला. मला कळलं, हा आता काहीतरी गोड खोटं सांगणार. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

“मला आठवत नाही, वीर्ले.”

तिने चौदावा परत आणला. मग पंधरावा, सोळावा, पुन्हा चौदावा. ती ते तीन फोटो मागेपुढे करू लागली, तसे योरिसचे ओठ खरंच हलल्यासारखे दिसायला लागले. ती पडद्याला नाक लावून बसली होती आणि स्वतःचे ओठ तसेच करून बघत होती.

“लांदर म्हणतोय,” ती म्हणाली. मग म्हणाली, “नाही. वीर्ले म्हणतोय. बघा ना, बाई. वीर्ले म्हणतोय की लांदर?”

“दोन्हीपैकी काहीही असेल,” मी म्हणाले. “कदाचित...”

“कदाचित नको मला,” ती म्हणाली. “तुम्ही होतात तिथे.”